धावणाऱ्याच्या पेशीतील ठिणग्या

पोलीस भरती जाहीर झाली की वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर या भागांत पहाटे रस्त्याने धावणारी मुले-मुली दिसू लागतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावायचे असते. कोणी चार-सहा महिने आधीपासून सराव करतो, तर कोणी चाचणी पंधरा दिवसांवर आली म्हणजे एकदम छाती फुटेस्तोवर धावतो. या दोघांच्या पेशींत काय घडते, ते पाहू.

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. वेगाने धावताना हा वापर दहा-बारा पट होतो. ऑक्सिजनावाचून आपण जगत नाही हे खरे. पण लोखंड गंजवणारा आणि तेल खवट करणारा वायूही तोच! पेशीत त्याचे बहुतेक रेणू निमूटपणे पाणी बनतात. थोड्यांना मात्र एकच जादा इलेक्ट्रॉन चिकटतो आणि सुपरऑक्साइड तयार होते. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या अशा कणांना मुक्त मूलके म्हणतात. त्यांच्यापासून पुढे आणखी दांडगी मूलके निर्माण होतात व पेशीपटलातील मेद, प्रथिने यांची मोडतोड करतात. १९८२ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी उंदरांना थकून थांबेपर्यंत पळवले, तेव्हा त्यांच्या स्नायूंत व यकृतात मुक्त मूलके दोन ते तीन पट आढळली.

मग धावणारा प्रत्येक जण आजारी का पडत नाही? कारण पेशीत पहारेकरी आहेत. १९६९ मध्ये मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर ओळखले. ते सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. त्याचे पुढे पाणी व ऑक्सिजन करण्याचे काम कॅटॅलेजचे. हे वर्गात सहज दाखवता येते. औषधाच्या दुकानातील सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्च्या बटाट्याची ताजी फोड टाका. बुडबुडे फसफसून येतील. उकडलेल्या फोडीने तसे होणार नाही, कारण उष्णतेने विकर निकामी होते. यांशिवाय ग्लुटाथायोन आणि क व ई जीवनसत्त्वे मदतीला असतातच.

सावकाश चालण्याने या पहाऱ्यावर फारसा भार पडत नाही. व्यायामाचा जोर वाढतो तशी मूलके वाढतात, आणि दमछाक होईपर्यंत धावल्यास पहारा काही काळ अपुरा पडतो. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. पंधरा दिवसांच्या धावपटूची हीच गत होते. (त्याचे पाय दुखतात ते मुख्यतः स्नायूतंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांमुळे.) उलट, बेताबेताने सराव वाढवणाऱ्याच्या स्नायूंत ही विकरे अधिक प्रमाणात तयार होऊ लागतात, तेवढाच वेग त्याला कमी त्रासाचा ठरतो.

तर मग जीवनसत्त्वांच्या गोळ्या खाऊन मूलके आधीच संपवली तर? जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व (सुमारे अर्धा किलो पेरूंत असते तेवढे) आणि जोडीला ई जीवनसत्त्व दिले होते. इन्सुलिनला शरीर अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागणे, हा व्यायामाचा मोठा लाभ. तो गोळ्या न घेणाऱ्यांत दिसला, घेणाऱ्यांत दिसला नाही! याचा अर्थ असा लावतात, की थोडी मुक्त मूलके हा पेशीला मिळणारा निरोपच असतो. तो पोहोचला तरच पेशी आपला पहारा वाढवते.