पाचातला एक

ओलाफ्सविकच्या धक्क्याला बोट लागली की मासा आधी काट्यावर जातो, गिऱ्हाइकाकडे नंतर. आइसलँडच्या पश्चिमेला, स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावरचं हे छोटंसं बंदर. कॉडने भरलेले प्लास्टिकचे टब फोर्कलिफ्टवरून एकामागून एक येतात. वजन करणारी बाई बंदराची नोकर, बोटमालकाची नाही, आणि या कामाचा परवाना तिच्याजवळ असावाच लागतो. बोट कुठली, मासा जाळ्याचा की गळाचा, पोट साफ केलेलं की नाही, सगळं ती नोंदवते. साफ न केलेल्या कॉडच्या वजनाला ०.८४ ने गुणायचं, कारण कोटा, म्हणजे वर्षाला किती मासा धरायचा याची मर्यादा, साफ केलेल्या माशावर मोजतात. मग टबाचं वजन वजा, बर्फाचं वजा.

खरी गोम बर्फात आहे. बर्फ जास्त दाखवला की तेवढा मासा कोट्यातून वाचतो. म्हणून बर्फ काढून माशाचं पुन्हा वजन होतं, त्या फेरवजनाच्या वेळी निरीक्षक मधूनच येऊन उभे राहतात, आणि ते हजर असताना बर्फ किती निघाला, नसताना किती, हे आकडे मत्स्य संचालनालय चक्क जाहीर करतं. मला ही युक्ती फार आवडली.

इकडे मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे टोपल्यांवर बोली लागते, पण वर्षाला किती टन मासा धरायचा हे कोणी आधी ठरवत नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी आहे, काही जातींना किमान लांबीची अट आहे. एकाच जाळ्यात डझनभर जाती येतात तिथे प्रत्येकीला टनांची मर्यादा घालणं सोपंही नाही.

आइसलँडमध्ये कॉडचा टनांचा आकडा मार्चमध्ये आकार घेऊ लागतो. १९८५ पासून दर मार्चला सर्वेक्षणाची जहाजं सुमारे ६०० ठरलेल्या जागी, एकाच पद्धतीने जाळं ओढतात. त्यातल्या निम्म्या जागा सुरुवातीला मासेमार कप्तानांनी दाखवल्या होत्या, बाकीच्या शास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या. एखादी जागा आज ओस पडली असली तरी जाळं तिथेच पडतं. मासे धरणं हा इथे हेतूच नाही, गेल्या वर्षाशी तुलना व्हायला हवी.

हाफ्नारफ्योर्दुरच्या संशोधन संस्थेत त्या माशांच्या कानातले खडे येतात. बोटाच्या पेरापेक्षा लहान, पांढरट, कडेला दातेरी. खडा मधोमध मोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की उन्हाळ्याचे रुंद पट्टे आणि हिवाळ्याच्या बारीक रेषा दिसतात. रेषा मोजल्या की वय कळतं. काठाजवळची रेषा धरायची की सोडायची यावर दोन अनुभवी माणसांचंही कधीकधी एकमत होत नाही.

वयांवरून चार वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या कॉडचं एकूण वजन अंदाजतात. त्याचे २० टक्के घ्यायचे, त्यात चालू वर्षाचा कोटा मिळवायचा आणि दोनाने भागायचं. झाला पुढच्या वर्षाचा कोटा. नियम आधी ठरलेला, आकडा नंतर येणार, त्यामुळे मंत्र्याला घासाघीस करायला फारशी जागा राहत नाही. १९९५ चा नियम २५ टक्क्यांचा होता. तो पुरेना, म्हणून २००७ मध्ये कोटा एकदम १,९३,००० टनांवरून १,३०,००० वर आणला. किनाऱ्यावरच्या गावांना तो घाव जिव्हारी लागला, पण पुढच्या दशकात कॉड वाढला.

किती धरायचा हे असं सुटलं. कोणी धरायचा, हे अजून सुटलेलं नाही. १९८४ मध्ये बोटींना त्यांच्या मागच्या वर्षांच्या मासळीवरून वाटे दिले गेले. १९९० च्या कायद्याने ते सरसकट विकता येऊ लागले. अनेक गावांतल्या बोटींनी वाटा विकला आणि धक्का रिकामा झाला. मुद्दाम कोट्याशिवाय मासे धरून खटला ओढवून घेतलेल्या दोन मासेमारांच्या बाजूने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने मत दिलं.

२००९ पासून छोट्या बोटींना उन्हाळ्यात वेगळी मुभा मिळाली: सोमवार ते गुरुवार, दिवसाला एक फेरी, चौदा तास, गळाची चार यंत्रं, आणि साफ न केलेला कॉड ७७४ किलोपर्यंत. पण सगळ्यांची मिळून मर्यादा एकच. गेल्या काही वर्षांत ऑगस्ट उजाडण्याआधीच, जुलैतच ती संपली. ईशान्येकडच्या बंदरांची तक्रार आहे की त्यांच्याकडे मोठा कॉड उशिरा येतो, तोवर पश्चिमेच्या बोटींनी सगळं उचललेलं असतं. ओलाफ्सविकच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या कप्तानाला मी हे विचारलं. “मासा आमच्याकडे आधी येतो, त्याला आम्ही काय करणार?” म्हणाला आणि टब धुवायला लागला.