भिंतीला पडलेली खिडकी

‘‘इथे मला कुणाची चाहूलच लागत नाही रे,’’ आई म्हणाली. होळी होऊन गेली होती, पाडव्याच्या आधीची आवराआवर चालू होती आणि मी माळ्यावरून पितळेचे डबे खाली देत होतो. आईचे बोलणे मी हसण्यावारी नेले. माणसाला पाहिजे तेवढी शांतता मिळाली तरी तक्रार असतेच, असे काहीसे बोललोही. रात्री मात्र झोप येईना.

आईची पन्नास वर्षे गिरगावातल्या चाळीत गेली. दोन खोल्या, मधल्या दाराला पडदा आणि बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. आता आम्ही डोंबिवलीत राहतो. चटईक्षेत्र ३८० चौरस फूट, माणसे चार. जागा चाळीपेक्षा जास्त, माणसे कमी. तरीही आई आतल्या खोलीत पलंगावर बसून असते, सौ. ओट्यापाशी भिंतीकडे तोंड करून, मुलगी कानाला काहीतरी लावून आणि मी टीव्हीसमोर. दर दोन माणसांमध्ये एक भिंत.

चाळीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. सकाळी बादली घेऊन सामाईक संडासापुढे ज्याने रांग लावली आहे, त्याला ते जमणार नाही. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या एका खोलीत तीन तीन पिढ्या नांदल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या त्यांपैकी ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा त्यांना झालेला आनंद मला पुरता कळला. पण गॅलरी नावाची जी चीज होती, ती काही चटईक्षेत्रात मोजता येत नाही. तिथे कैऱ्या वाळत, अभ्यास होई, भांडणे होत आणि उन्हाळ्यात अर्धे घर तिथेच झोपे. नव्या घराने आम्हाला दारे दिली आणि गॅलरी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहिला बळी गेला तो शोकेसचा. सात फूट रुंद, जमिनीपासून छतापर्यंत, आत न वापरलेले कपबशांचे दोन सेट आणि मुलीची शाळेतली ढाल. ते गेल्यावर खिडकीच्या बाजूची भिंत मोकळी झाली. मग तीन आणि दोन बैठकींचा सोफाही खुपायला लागला. लहान खोलीत जमीन जेवढी दिसेल तेवढी खोली मोठी वाटते. पायांत येणारे, भिंतीला चिकटून बसलेले गुबगुबीत सामान खोली खाऊन टाकते. सोफ्यातली दोघांची बैठक ठेवली, बाकी देऊन टाकले. त्या जागी आईचा दिवाण बाहेर आणला, खाली चटई, दोन लोड. आलेला माणूस आता आपसूक आईशेजारी टेकतो.

उन्हाचे गणित मात्र मला फार उशिरा कळले. आमची दिवाणखान्याची खिडकी दक्षिणेकडे. हिवाळ्यात तिच्यातून ऊन थेट आत लोळते, म्हणून मी तिला जाड पडदे लावून ठेवले होते. पण चैत्रापासून सूर्य वर चढत जातो. मेच्या मध्यावर तो मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा हातभर छज्जासुद्धा दक्षिणेच्या खिडकीला सावली देतो. ताप देते ती पश्चिमेची भिंत आणि तिच्यातली खिडकी. म्हणजे जाड पडदा हवा होता तिकडे! तिथे बाहेरून बांबूची चीक सोडली. दक्षिणेला आईच्या जुन्या सुती नऊवारीचे पडदे शिवले. एका लुगड्यात पाच फुटी चार पडदे सहज निघाले.

कुणी वाळ्याच्या पडद्यांचा सल्ला दिला. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात त्याच्यासारखा थंडावा नाही. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत पाणी सुकतच नाही, तर गारवा कुठला? इथे उपयोग वाऱ्याचा, आणि वाऱ्याला आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. आमची बाहेर जायची वाट, म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी, बरण्यांनी बुजलेली होती. आणि तिथवर पोचायच्या आधी मधली भिंत.

तीच ती भिंत. सौ. रोज चार तास जिच्याकडे तोंड करून उभी असते ती. विटांची, चार इंची. तरी हातोडा घेण्याआधी इंजिनिअरला दाखवली, सोसायटीचे पत्र घेतले; कॉलम-बीमला धक्का लावून घर सजवणारे महाभाग आपल्या प्रत्येक इमारतीत एक तरी असतात. मग ओट्याच्या वीतभर वर तीन फूट रुंद, अडीच फूट उंच चौकोन पाडला, वर लिंटेल घातले, खाली कडप्पा बसवला. दोन दिवस घरभर धूळ. सौ.चा विरोध होता. ‘‘ओट्यावरचा पसारा आल्या-गेल्याला दिसणार, फोडणीचा वास गादीला लागणार.’’ दोन्ही मुद्दे रास्त होते. म्हणून खिडकीला लाकडी झडपा केल्या. वास लागतोच, ते मान्य करायला हवे.

पाडव्याची गुढी उभारली ती प्लास्टरचा ओला वास असतानाच. तिसऱ्या दिवशी तृतीयेला आईने चैत्रगौर मांडली. चाळ सोडल्यापासून हळदीकुंकू केले नव्हते. जागा नाही, हे कारण आम्ही देत होतो, तीही मान हलवत होती. यंदा तिनेच नावे काढली. मजल्यावरच्या, खालच्या, समोरच्या इमारतीतल्या मिळून सोळा बायका आल्या. काही दिवाणावर, काही चटईवर, दोघी-तिघी दारात. आंब्याची डाळ आणि पन्ह्याचे पेले खिडकीतून पुढे सरकत होते, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या जात होत्या. आई दिवाणावर पाय सोडून बसली होती आणि कुणाची सून कुठली, याची चौकशी करीत होती.

सगळ्या गेल्यावर मी चटया झटकत होतो. आई पडल्या पडल्याच मला म्हणाली, ‘‘हरभरे उरलेत का रे? उद्या उसळ कर म्हणावं तिला.’’

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून भांड्यांच्या आवाजातून उत्तर आले, ‘‘ऐकलं मी, आई. भिजतच ठेवलेत.’’