शिरोविरूपता, स्थितिजन्य

शिरोविरूपता, स्थितिजन्य : तान्ह्या मुलाच्या कवटीच्या एकाच भागावर दीर्घकाळ दाब पडल्यामुळे तो भाग चपटा होणे, ह्या अवस्थेस स्थितिजन्य शिरोविरूपता म्हणतात. चपटेपणा डोक्याच्या मागील एका बाजूस असेल, तर मस्तक तिरके दिसते. ‘प्लॅजिओसेफॅली’ ह्या पाश्चात्त्य वैद्यकातील संज्ञेचा ग्रीक अर्थही ‘तिरके मस्तक’ असाच आहे. मागील संपूर्ण भाग सपाट झाल्यास डोके रुंद व आखूड दिसते. ही विरूपता हाडांच्या रोगामुळे किंवा मेंदूतील दोषामुळे उद्‌भवत नाही. ती मुख्यतः बाह्य दाबाचा परिणाम होय.

कवटीची वाढ : नवजात अर्भकाची कवटी एकसंध नसते. तिची हाडे पातळ व लवचिक असून ती शिवणींनी (सीवनींनी) परस्परांस जोडलेली असतात. पुढील टाळू सामान्यतः ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरून येते. जन्मतः डोक्याचा घेर सु. ३४ सेंमी. असतो व वर्षअखेर तो सु. ४६ सेंमी. होतो. पहिल्या तीन महिन्यांत तो दरमहा सु. २ सेंमी., पुढील तीन महिन्यांत सु. १ सेंमी. आणि त्यानंतर सु. अर्धा सेंमी. वाढतो. ज्या वाढीमुळे कवटी दाबाखाली चपटी होते, तीच वाढ दाब दूर झाल्यावर तिला पुन्हा गोलाई देते. त्यामुळे उपचारांत वयाला सर्वाधिक महत्त्व आहे.

कारणे : जुळी मुले, गर्भजलाची कमतरता, उपकरणांच्या साहाय्याने झालेली प्रसूती आणि अकाली जन्म ह्या परिस्थितींत विरूपता अधिक आढळते. जन्मानंतरचे प्रमुख कारण म्हणजे मूल मान सतत एकाच बाजूस वळवून निजणे. मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला असल्यास (वक्रग्रीवा) मुलाला दोन्ही बाजूंस सारखी मान वळविता येत नाही. तसेच खाटेची जागा ठरलेली असून उजेड, दार किंवा आईचा आवाज नेहमी एकाच दिशेस असेल, तर मूल त्याच दिशेकडे पाहत राहते. मुडदूस झालेल्या मुलांची कवटी मऊ राहत असल्याने तीवर दाबाचा परिणाम लवकर होतो (→ मुडदूस).

अकस्मात शिशुमृत्यू टाळण्यासाठी मुलांना पालथे निजवू नये, अशी शिफारस अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथील बालरोगतज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये केली व १९९४ पासून त्यासाठी व्यापक मोहीम राबविण्यात आली. अशा मृत्यूंचे प्रमाण तेथे पुढील काळात निम्म्याहून कमी झाले. मात्र चपट्या डोक्याची मुले अधिक दिसू लागली. कॅनडातील कॅल्गरी येथे ७ ते १२ आठवडे वयाच्या ४४० अर्भकांच्या पाहणीत (२०१३) ४६·६ टक्के मुलांत कमीअधिक विरूपता आढळली. त्यांपैकी बहुतेकांची सौम्य होती. डोक्याच्या आकारासाठी मुलास पालथे निजविणे मात्र सर्वथा अयोग्य होय; उताणी निद्रा जीवरक्षक आहे.

लक्षणे व निदान : डोके वरून पाहिले असता आकार समांतरभुज चौकोनासारखा दिसतो. चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो व त्याच बाजूचे कपाळ किंचित पुढे आलेले असते. कवटीचे दोन तिरके व्यास मोजून त्यांतील फरकावरून तीव्रता ठरवितात. बहुधा क्ष-किरण चित्राची आवश्यकता नसते.

ही विरूपता शिवणींच्या अकाली संधानापासून वेगळी ओळखणे अत्यावश्यक आहे. सु. २,००० ते २,५०० जन्मांमागे एका अर्भकात एखादी शिवण वेळेपूर्वीच जुळते व कवटीची वाढ त्या दिशेने खुंटते. मागील बाजूची शिवण अशा रीतीने जुळल्यास त्या बाजूचा कान मागे व खाली ओढलेला दिसतो आणि कानामागे उंचवटा येतो. मधली शिवण जुळल्यास डोके होडीसारखे लांबट व अरुंद होते. ह्या विकारास शस्त्रक्रिया लागते. जन्मतःच ठळक असलेली व दिवसेंदिवस वाढणारी विरूपता, शिवणीवर हाताला लागणारी कड, टाळूचा फुगवटा किंवा डोक्याच्या घेराची असाधारण वाढ आढळल्यास विलंब न करता तज्ञाकडे जावे.

प्रतिबंध व प्राथमिक उपचार : मूल जागे असताना व कोणी जवळ असताना त्याला दिवसातून अनेकदा काही मिनिटे पालथे घालावे, सातव्या आठवड्यापर्यंत हा एकूण वेळ दररोज १५ ते ३० मिनिटे व्हावा. झोपविताना डोक्याची व पायांची दिशा आलटून पालटून बदलावी. दूध पाजताना व कडेवर घेताना बाजू बदलावी. मान आखडलेली असल्यास भौतिकी चिकित्सकाकडून स्नायू ताणण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत. हे उपाय पहिल्या तीन-चार महिन्यांत केल्यास बहुसंख्य मुलांत पुरेसे ठरतात.

महाराष्ट्रातील संगोपनपद्धतीत ह्या दृष्टीने उपयुक्त व अपायकारक अशा दोन्ही गोष्टी आढळतात. पाटावर बसून पाय लांब करून मुलाला पायांवर पालथे घालण्याची आणि तेल लावून न्हाऊ घालण्याची रीत मानेच्या स्नायूंना बळकटी देणारी आहे. परंतु डोके गोल व्हावे म्हणून ते जोराने दाबणे अथवा टाळूवर भार देणे धोक्याचे आहे. राईची उशी घरोघरी वापरतात. तथापि निजलेल्या अर्भकाजवळ कोणतीही उशी असल्यास श्वास कोंडण्याची भीती असते, म्हणून पहिल्या वर्षात ती टाळणे इष्ट. झोळीत मुलाची हनुवटी छातीवर टेकून श्वासास अडथळा होऊ शकतो, म्हणून दीर्घ निद्रेसाठी कठीण व सपाट अंथरूण योग्य.

शिरस्त्राण उपचार : मस्तकाला आकार देणाऱ्या शिरस्त्राणाचा उपयोग स्टर्लिंग क्लॅरेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये वर्णिला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये अशा साधनांचे वैद्यकीय साधन म्हणून वर्गीकरण केले. मुलाच्या डोक्याचे माप साच्याने किंवा त्रिमितीय प्रतिमेने घेऊन प्लॅस्टिकचे कवच व आत फेसाचे अस्तर असलेले शिरस्त्राण बनवितात. ते डोके दाबत नाही. फुगीर भागास केवळ टेकून राहते व चपट्या भागापुढे पोकळी ठेवते, त्यामुळे वाढ त्या पोकळीकडे वळते. उपचार साधारणतः ४ ते ८ महिन्यांच्या वयात सुरू करतात. शिरस्त्राण दिवसाचे सु. २३ तास, तीन ते सहा महिने वापरावे लागते. वर्षानंतर त्याचा परिणाम फार कमी होतो. शिवणींचे अकाली संधान किंवा जलशीर्ष असताना ते वापरू नये.

त्याच्या परिणामकारकतेविषयी मतभेद आहेत. नेदर्लंड्समधील यादृच्छिक चाचणीत (२०१४) मध्यम ते तीव्र विरूपता असलेल्या ८४ मुलांपैकी काहींना शिरस्त्राण दिले व इतरांना निसर्गक्रमावर सोडले. दोन वर्षांच्या वयात पूर्ण सुधारणा अनुक्रमे २६ व २३ टक्के मुलांत आढळली. शिरस्त्राण वापरलेल्या सर्व मुलांच्या पालकांनी त्वचेचा दाह, घाम, दुर्गंधी यांसारखा काही ना काही त्रास सांगितला. तिरकी मान असलेली मुले तीत समाविष्ट नव्हती. उलट, अमेरिकेतील तंत्रिका शस्त्रक्रियाविशारदांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार, स्थितिबदल व भौतिकी चिकित्सा करूनही मध्यम ते तीव्र विरूपता टिकून राहिल्यास शिरस्त्राण सुचविता येते. त्यामुळे ते पहिला उपाय नव्हे.

स्थानिक संदर्भ : ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथील निजामपुरा हा यंत्रमागांच्या शहरातील दाट वस्तीचा भाग. अशा वस्तीत खोली लहान असल्यास खाट किंवा झोळी महिनोन्‌महिने एकाच कोपऱ्यात राहते व मूल उजेडाकडेच तोंड करून निजते. डोक्याची दिशा रोज बदलण्याचा बिनखर्ची उपाय तेथे विशेष मोलाचा आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत शिरस्त्राणाखाली घामोळे येण्याचा संभव अधिक असल्याने त्वचेची रोज तपासणी व शिरस्त्राणाची स्वच्छता आवश्यक असते. २०११ पासूनच्या गृहभेट योजनेत ‘आशा’ कार्यकर्ती नवजात अर्भकाकडे ४२ दिवसांत अनेकदा येते. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोष व विकासातील विलंब यांसाठी मुलांची तपासणी होते. ह्या भेटींत मुलाचे डोके वरून पाहणे व मान दोन्ही बाजूंस वळते का हे तपासणे सहज शक्य आहे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आधारसाधनांच्या क्षेत्रात कार्य करते.

परिणाम : सौम्य विरूपता मूल बसू लागल्यावर बहुधा कमी होत जाते व उरलेली केसांखाली झाकली जाते. विरूपता असलेल्या काही मुलांत हालचालींचा विकास मंद आढळला आहे. तथापि चपटेपणा हे त्याचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. कमी हालचाल करणारे मूल एकाच स्थितीत अधिक काळ पडून राहते, असाही संबंध संभवतो. म्हणून अशा मुलाच्या विकासाकडेही लक्ष द्यावे. मुलाला उताणे निजविणाऱ्या मातेला चपटेपणाबद्दल दोष देणे अन्यायाचे आहे. तिने योग्य तेच केलेले असते.