कॉलेजच्या हमीपत्रावर आपली सही



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरात दोन महिने नुसती धावपळ असते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, बँकेचं पासबुक, फोटो, झेरॉक्स. या सगळ्या गठ्ठ्यात एक कागद असतो, त्याच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. मुलगा म्हणतो, "आई, इथं सही कर." आपण सही करतो. आता तर पुष्कळ ठिकाणी तो मोबाइलवरच भरायचा असतो. मग मुलंच आपल्या नावानं भरून मोकळी होतात.

त्या कागदाला हमीपत्र म्हणतात. एक मुलाचं आणि एक पालकाचं. दरवर्षी नव्यानं द्यायचं. पालकाच्या हमीपत्रात आपण लिहून देतो की रॅगिंगविरुद्धचे नियम मी वाचले आहेत, शिक्षा काय होते ते मला समजलं आहे, आणि माझा मुलगा किंवा मुलगी तसं वागणार नाही. न वाचता आपण 'वाचलं' म्हणून सही करतो. म्हणून आज त्या कागदात काय आहे आणि कॉलेजात मुलांनी कसं वागावं अशी अपेक्षा असते, ते समजून घेऊ.

आपल्या गटाला पंचसूत्री आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नीट नोंदी. हे नियम आपल्याला बांधतात, पण वाचवतातही. एखादीनं हप्ता थकवला तर तिला विचारायचा हक्क त्याच नियमानं मिळतो. कॉलेजची आचारसंहिता अशीच आहे. तिच्यात आपल्या मुलावर बंधन आहे आणि तिच्यातच आपल्या मुलीचं संरक्षण आहे. एकच बाजू माहीत असली तर नुकसान आपलंच.

आपल्या जिल्ह्यातली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. प्रत्येकाचे आपले नियम असतात आणि ते प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. पण काही नियम सगळ्यांना सारखे आहेत, कारण ते कायद्यानं आलेले आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करू.

गंमत आणि रॅगिंग

महाराष्ट्रात रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ साली झाला. त्यात रॅगिंग म्हणजे फक्त मारहाण नाही. दुसऱ्या विद्यार्थ्याला शरीरानं किंवा मनानं इजा होईल, भीती वाटेल, लाज वाटेल असं वागणं म्हणजे रॅगिंग. चिडवणं, शिव्या देणं, धमकावणं, अंगावर येणारी थट्टा करणं, आणि जे तो आपणहून कधी करणार नाही ते त्याला करायला लावणं, हे सगळं त्यात येतं. कॉलेजच्या आवारात असो की बाहेर, एस.टी. स्टँडवर असो की खोलीवर, कायदा लागू होतोच.

शिक्षा काय? दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा सिद्ध झाला की कॉलेजातून काढून टाकतात, आणि त्यानंतर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. अठरा वर्षांच्या पोराची पाच वर्षं म्हणजे त्याचं शिक्षणाचं वयच गेलं.

त्यापुढचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ साली सगळ्या देशासाठी केले. त्यामागे एका मुलाचा जीव आहे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा विद्यार्थी वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीत गेला. त्याचे वडील राजेंद्र काचरू गप्प बसले नाहीत. त्या वर्षीच्या या नियमांनीच हे हमीपत्र आलं आणि चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाइन आली. तिचा नंबर लिहून घ्या: १८००-१८०-५५२२. या नियमांप्रमाणे वर्गाला बसू न देणं, शिष्यवृत्ती थांबवणं, निकाल राखून ठेवणं, वसतिगृहातून काढणं, प्रवेश रद्द करणं अशा शिक्षा कॉलेज देऊ शकतं.

यात एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगा. "मी काही केलं नाही, मी नुसता उभा होतो," हे उत्तर तिथं चालत नाही. चिथावणी देणारा, साथ देणाराही दोषी धरला जातो. नेमकं कुणी केलं ते सापडलं नाही, तर सगळ्या टोळक्याला एकत्र शिक्षा करण्याची तरतूद आहे.

बोलीवरून हसणं हासुद्धा त्रासच

२०१६ साली या नियमांत मोठी भर पडली. जात, धर्म, रंग, दिसणं, स्त्री-पुरुष भेद, भाषा, जन्माचं गाव, राहण्याचं ठिकाण, घरची आर्थिक परिस्थिती यांवरून एखाद्याला छळणं किंवा वाळीत टाकणं हेही रॅगिंगच, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

मैत्रिणींनो, हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. पाथर्डी, शेवगाव, अकोल्याच्या डोंगराकडची मुलगी नगरला किंवा पुण्याला जाते. ती 'हो'च्या जागी 'व्हय' म्हणते आणि वर्ग हसतो. कुणी तिच्या दोनच ड्रेसवर बोलतं, कुणी आई-बाप ऊसतोडीला जातात यावरून टोमणा मारतं, कुणी आडनाव विचारून जात काढतं. ती घरी आली की एवढंच म्हणते, "मला नाही जायचं कॉलेजला." आपल्याला वाटतं, अभ्यास झेपत नाही. एकदा शांतपणे विचारून बघा. रोज रोज असं होत असेल, तर ते मुकाट्यानं सोसायचं नाही. नियम तिच्या बाजूनं आहे.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. जळगावच्या डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या मुलीनं मुंबईच्या नायर रुग्णालयात पुढचं वैद्यकीय शिक्षण घेत असताना मे २०१९ मध्ये आपलं आयुष्य संपवलं. वरच्या वर्गातल्या तीन महिला डॉक्टरांवर जातीवरून छळल्याचा गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. आपण त्रासाबद्दल आधी सांगितलं होतं, पण दखल घेतली गेली नाही, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं आहे. तिची आई आबेदा तडवी पुढं सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुन्हा कुठल्या लेकरावर अशी वेळ येऊ नये म्हणून उच्च शिक्षणसंस्थांत जातिभेद रोखणारी व्यवस्था हवी, अशी त्यांची मागणी.

मुलीला त्रास झाला तर

आता मुलींबद्दल. पाठलाग, घाणेरडे मेसेज, नको तो स्पर्श, मार्कांचं आमिष दाखवून जवळीक, फोटो पसरवण्याची धमकी. हे करणारा वर्गातला मुलगा असो, शिक्षक असो की ऑफिसातला कर्मचारी, त्यासाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. पुष्कळजणी तिला अजून विशाखा समिती म्हणतात. २०१३ चा कायदा आणि त्यावर विद्यापीठ अनुदान आयोगानं केलेले नियम यांनी ही समिती बंधनकारक आहे. समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक असते, निम्म्या सदस्य तरी महिला असतात, बाहेरची एक व्यक्ती असते, आणि विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही असतात.

तक्रार लेखी द्यायची. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते. मुलगी मनानं किंवा शरीरानं तक्रार करण्याच्या स्थितीत नसेल, तर नातेवाईक किंवा मैत्रीण तिच्या वतीनं तक्रार देऊ शकते.

हे सगळं असूनही मुली बोलत नाहीत. का? कारण त्यांना ठाऊक असतं की घरी कळलं तर पहिलं काय होईल. कॉलेज बंद. मग स्थळ बघायला सुरुवात. म्हणजे गुन्हा केला दुसऱ्यानं आणि शिक्षा झाली आपल्या पोरीला. त्रास देणारा मात्र तिथंच शिकतोय. ज्या सावित्रीबाईंचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे, त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण आपल्या नगरमध्येच मिस फरार यांच्याकडे घेतलं. पुढं पुण्यात शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, तर त्या जादा साडी बरोबर ठेवत. शाळा त्यांनी सोडली नाही. म्हणून मुलीला आजच सांगून ठेवा, "काही झालं तर आधी मला सांग. तुझं शिक्षण मी थांबवणार नाही." हे वाक्य तिनं ऐकलेलं असेल, तर ती बोलेल.

आणि मुलगा असेल तर त्यालाही समोर बसवा. मुलीचा फोटो तिला न विचारता ग्रुपवर टाकणं, ती नाही म्हणाली तरी मागे फिरणं, नवीन पोराला नाचायला लावून व्हिडिओ काढणं, ही मर्दुमकी नाही. आपण मुलीला सांभाळून राहायला सांगतो, पण मुलाला नीट वागायला सांगायचं राहून जातं.

हजेरी आणि परीक्षा

रोजच्या नियमांतला सगळ्यात मोठा हजेरीचा. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते. एका सत्रात एखाद्या विषयाचे शंभर तास झाले, तर पंचाहत्तर तासांना हजर असलं पाहिजे. कमी पडली तर परीक्षेला बसू न देण्याचा अधिकार कॉलेजला आहे. इथं आपलाही हात असतो. कांदा लागवडीला चार दिवस, मावशीच्या लग्नाला आठवडा, घरात कुणी आजारी म्हणून आणखी आठ दिवस. आणि घरी थांबते ती बहुतेक वेळा मुलगीच, मुलगा नाही. तिची रजा मोजून वापरा. खरोखर अडचण असेल तर अर्ज द्या, दवाखान्याचे कागद जोडा.

दुसरा नियम परीक्षेचा. कॉपीविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. म्हणजे तो नुसता शाळा-कॉलेजचा विषय नाही, पोलिसांपर्यंत जाऊ शकतो. परीक्षेच्या वर्गात मोबाइल जवळ सापडला, तरी तो गैरप्रकार धरला जातो. त्यानं एका पेपरचे नव्हे, सगळ्या विषयांचे मार्क जाऊ शकतात. चिठ्ठी पोचवायला गावातून जाणारे भाऊ आणि मित्रही अडकतात.

तक्रार कशी द्यायची

तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. कागद द्यावा. १९९९ च्या कायद्याप्रमाणे विद्यार्थी, आई-वडील, पालक किंवा शिक्षक, कुणीही लेखी तक्रार देऊ शकतं. ती मिळाल्यापासून सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची असते. तक्रारीत तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवावी लागते. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवावं लागतं. म्हणजे कुठल्याही बाजूनं उत्तर मिळालंच पाहिजे. आपल्या मुलावर खोटा आळ आला असेल तर त्याचीही बाजू या चौकशीत मांडता येते. तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखावरही कायद्यानं कारवाई होऊ शकते.

अर्जात एवढं लिहा: मुलाचं किंवा मुलीचं नाव आणि वर्ग, काय घडलं, कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठं, कुणी केलं, कुणी पाहिलं. शेवटी कायद्यानुसार कारवाई करावी ही विनंती. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, सही घेऊन पोच ठेवा. मोबाइलवरचे मेसेज पुसू नका, तोच पुरावा असतो. कॉलेजनं दाद दिली नाही तर हेल्पलाइन आहेच. जिवाला धोका असेल तर ११२. मुलगा-मुलगी फार खचलेली दिसली, जेवेना, झोपेना, नको ते बोलू लागली, तर १४४१६ या टेलिमानस नंबरवर मोफत बोलता येतं.

गटानं काय करावं

एकट्या बाईला प्राचार्यांच्या केबिनमध्ये जायला भीती वाटते. बँकेत जायलाही कधीकाळी वाटायचीच. आपण पाचजणी मिळून गेलो आणि भीती गेली. इथंही तसंच करू. पुढच्या मासिक बैठकीत तीन कामं घ्या. ज्यांची मुलं कॉलेजात आहेत त्यांनी माहितीपुस्तिका आणावी आणि गटातल्या शिकलेल्या मुलीनं ती मोठ्यानं वाचावी. समितीच्या अध्यक्ष कोण आणि त्यांचा नंबर काय, ते प्रत्येकीनं आपल्या मुलीला विचारून वहीत लिहावं. आणि कुणाच्या लेकराची तक्रार द्यायची वेळ आली तर सोबत कोण जाणार, त्या दोघींची नावं ठरावात नोंदवावीत.

हमीपत्रावरची सही आपली आहे. पुढच्या वेळी मुलानं कागद पुढं केला, तर त्याला म्हणा, "थांब, आधी वाचून दाखव." वाचता वाचता त्याच्याही कानावर पडेल.