मुल्की, गैरमुल्की आणि नागरिक

नांदेडच्या उत्तरेस हदगाव हे तालुक्याचे गाव आहे. या तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली की उमरखेडचा मुलूख लागतो. आज दोन्ही काठांवर एकच राज्य आणि एकच कायदा आहे. भाषा तर पूर्वीही एकच होती. राज्य मात्र एक नव्हते. अलीकडचा काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. पलीकडचे वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले होते. एका काठावरच्या मुली दुसऱ्या काठावर नांदावयास जात, दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या बाजारास येत. परंतु नाणे, न्यायालय आणि सरकार ही एवढ्याशा पाण्याच्या पट्ट्यावरून बदलत असत. अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मनुष्यास ‘तू कोणत्या राज्याचा?’ हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटत नाही.

ज्या भूमीत मनुष्य जन्मला तिचा तो स्वभावतःच होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण जो दुसरीकडे जन्मला आणि पुढे येथे येऊन राहिला, त्यास राज्य आपला केव्हा म्हणते? जगातील बहुतेक सर्व राज्यांना या प्रश्नाचे उत्तर कायद्याने द्यावे लागले आहे. परक्या देशातील मनुष्यास रीतसर आपला नागरिक करून घेण्याच्या या विधीस आपल्याकडील कायद्याच्या भाषेत ‘देशीयकरण’ असे नाव आहे. नाव नवीन असले, तरी त्यामागील विचार हदगावकरांच्या आजोबा-पणजोबांस अगदीच अपरिचित नव्हता. त्यांनी तो ‘मुल्की’ या शब्दाने ओळखला होता.

मुल्क म्हणजे देश आणि मुल्की म्हणजे देशातला. महसुली कारभारास आपण जो ‘मुलकी’ शब्द लावतो, त्याहून हा अर्थ निराळा. १८५३ ते १८८३ पर्यंत हैदराबादचे दिवाण असलेल्या सालारजंगांनी राज्यकारभाराची नवी घडी बसविली आणि त्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणली. ती मोठमोठ्या हुद्द्यांवर बसली आणि मूळच्या रहिवाशांच्या मनात साहजिकच असंतोष उत्पन्न झाला. बाहेरचे ते गैरमुल्की आणि येथले ते मुल्की, असा भेद रूढ झाला. पुढे नोकऱ्यांत मुल्कींस प्राधान्य देण्याचे नियम झाले आणि १९१९ साली निजामाच्या फर्मानाने त्यांस निश्चित स्वरूप आले.

हे नियम वाचण्यासारखे आहेत. मुल्की होण्याच्या चार वाटा त्यांत सांगितल्या होत्या. जो जन्माने संस्थानचा प्रजाजन तो मुल्की. ज्याच्या जन्माच्या वेळी बाप सरकारी नोकरीत असून त्याच्या नोकरीची पंधरा वर्षे पुरी झालेली असतील तो मुल्की. मुल्कीची पत्नी ती मुल्की. चौथी वाट मात्र पुणे-नगरकडून किंवा लखनौकडून आलेल्या परक्यासाठी होती. त्याने संस्थानात निदान पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेले असावे; शिवाय आपल्या पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असे प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यावर लिहून मॅजिस्ट्रेटसमोर साक्षांकित करून घ्यावे.

यातील दुसरी अट विशेष विचार करण्यासारखी आहे. पंधरा वर्षे मोजता येतात. भाडेचिठ्ठ्या, शाळेचे दाखले, शेजाऱ्यांच्या साक्षी यांवरून ती सिद्ध करता येतात. परंतु परत जाण्याचा विचार मनातून गेला की नाही, हे कोणत्या कागदावरून कळावे? मनुष्य वीस वर्षे परमुलखात राहतो आणि दर उन्हाळ्यात गावाकडच्या घराची कौले चाळून येतो. तो येथला की तेथला? कायद्यास मनात शिरता येत नाही, म्हणून तो मनुष्यास शपथ घ्यावयास लावतो. केवळ मुक्कामाने कोणी त्या देशाचा होत नाही. मुक्कामास निश्चयाची जोड लागते, हे तत्त्व त्या प्रतिज्ञापत्रात होते. कायदेपंडित ज्यास ‘अधिवास’ म्हणतात, तो या दोहोंच्या मिळणीतून उत्पन्न होतो.

मात्र मुल्कीपणाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. त्याने सरकारी नोकरीचे दार उघडत असे. राज्यकारभारात वाटा मिळत नसे. मुल्की झालेला मनुष्य अखेर निजामाची रयतच होई. रयतेस जे मिळे ते राजाच्या मर्जीने. नागरिकास जे मिळते ते हक्काने. हा फरक हदगावच्या वाट्यास यावयास आणखी एक पिढी जावी लागली.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. त्या वर्षभरात रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातील कित्येक कुटुंबांनी घरे सोडून सरहद्दीपलीकडे आश्रय घेतला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाची शरणागती झाली. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने भारताची राज्यघटना आपल्या संस्थानास मान्य असल्याचे जाहीर केले. घटनेतील नागरिकत्वाची कलमे तर इतर बहुतेक कलमांच्या दोन महिने आधी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आली. ज्याचा अधिवास भारतात आहे आणि जो स्वतः येथे जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एक तरी येथे जन्मले, किंवा जो निदान पाच वर्षे येथे राहिला, तो भारताचा नागरिक, असे पाचव्या कलमाने ठरविले. २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद हे भारतीय संघराज्याचे एक घटकराज्य झाले. हदगावच्या शेतकऱ्याने कोठे अर्ज केला नाही, शपथ घेतली नाही, मुद्रांक विकत घेतला नाही. तो होता त्याच ओसरीवर बसून होता आणि रयतेचा नागरिक झाला. त्याच्या शेजारी राहणारा गैरमुल्की मास्तरही त्याच कलमाने त्याच्या बरोबरीस आला. नोकरीपुरते मुल्की नियम मागे उरले आणि तेलंगणात त्यांवरून पुढे मोठी आंदोलनेही झाली. १९७३ साली ते नियम कायद्याने रद्द झाले.

प्रदेशच देशात आला म्हणजे त्यातील माणसेही एकदम नागरिक होतात, ही रीत गोव्यातही दिसून आली. पोर्तुगीज सत्ता डिसेंबर १९६१ मध्ये संपली. १९६२ च्या सरकारी आदेशाने, जे स्वतः किंवा ज्यांचे आईबाप अगर आजोबा-आजी यांपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मले होते, ते त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानले गेले. ज्यास पूर्वीचे नागरिकत्व ठेवावयाचे असेल, त्याने एका महिन्यात तसे लेखी कळवावे, एवढीच मुभा ठेवली होती.

परंतु एकटा मनुष्य जेव्हा दुसऱ्या देशातून येतो, तेव्हा नागरिकत्व त्याच्या ओसरीवर चालत येत नाही. त्याला पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात सांगितल्या आहेत. समजा, हदगावच्या एखाद्या घरात परदेशची सून आली. भारतीय नागरिकाची पत्नी म्हणून तिला ‘नोंदणी’ची सोपी वाट आहे. मात्र लग्न झाले म्हणून ती लगेच नागरिक होत नाही. तिने सात वर्षे भारतात राहिलेले असावे. त्यांतील अर्जापूर्वीचे बारा महिने सलग असावेत आणि त्यामागील आठ वर्षांत सहा वर्षे भरावीत. मुल्की नियमांत मुल्कीची पत्नी आपोआप मुल्की होई. आजचा कायदा पत्नीस स्वतंत्र व्यक्ती समजून तिचा अर्ज आणि तिचीच शपथ मागतो. भारतीय पतीस किंवा पत्नीस, दोघांसही हा नियम सारखाच आहे.

ज्याचे येथे असे कोणतेही नाते नाही, त्याच्यासाठी देशीयकरणाची लांबची वाट. अर्जापूर्वीचे बारा महिने त्याने सलग येथे काढावेत आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत एकंदर अकरा वर्षे येथे राहिलेले असावे. मूळच्या कायद्यात ही मुदत पुष्कळ कमी होती. ती पुढे वाढविण्यात आली. चौदा वर्षे आणि बारा महिने मिळून पंधरा वर्षांचाच पट होतो, हे पाहून निजामाच्या फर्मानाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांपुरती अकराऐवजी पाच वर्षे केली आहेत. मुसलमानांस यातून वगळल्यामुळे या दुरुस्तीवर देशभर मोठा वाद झाला.

मुदतीखेरीज चांगली वर्तणूक हवी. घटनेच्या आठव्या परिशिष्टात ज्या बावीस भाषा आहेत, त्यांपैकी एकीचे पुरेसे ज्ञान हवे. अर्थात मराठी येत असेल तरी भागते. यापुढे भारतात राहण्याचा हेतू हवा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, म्हणजे हदगावच्या मनुष्यास नांदेड गाठावे लागते. तेथून चौकशी होऊन तो राज्य सरकारमार्फत दिल्लीस जातो. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, वाङ्मय, जागतिक शांतता किंवा मानवाची प्रगती यांत ज्याची विशेष कामगिरी आहे, त्यास या अटींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे.

सर्वांत कठीण पायरी शेवटी येते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणून अर्ज मान्य होण्याजोगा ठरला की, जुन्या देशाचे नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा लागतो. मुल्कीच्या प्रतिज्ञापत्रात जे केवळ लिहून द्यावे लागे, ते येथे प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. आईबापांचा देश, तेथील पारपत्र, तेथे हक्काने परत जाण्याची सोय, एवढे सारे मागे ठेवून मनुष्य पुढचे पाऊल टाकतो. मग तो शपथ घेतो. ती शपथ कोणा राजाच्या निष्ठेची नसते, कोणा धर्माची किंवा जातीचीही नसते. भारताच्या घटनेशी निष्ठा राखीन, कायदे पाळीन आणि नागरिकाची कर्तव्ये पार पाडीन, एवढीच ती असते.

ही वाट चालून गेलेली माणसे महाराष्ट्राच्या परिचयाची आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सिन बर्नसन या भाषाशास्त्राच्या अभ्यासक फलटणला आल्या, मराठीच्या व्याकरणावर त्यांनी काम केले, तेथेच मुलांसाठी शाळा उभी केली आणि १९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. मिनियापोलिसच्या गेल ऑम्व्हेट सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करावयास आल्या, सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या झाल्या आणि १९८३ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. २०२१ साली त्यांचे देहावसानही कासेगावासच झाले. जगातील एका समृद्ध देशाचे नागरिकत्व सोडून खेड्यात राहण्याचा निश्चय करणे, यापेक्षा निश्चयाचा मोठा पुरावा कोणता मॅजिस्ट्रेट मागणार?

एवढे झाल्यावर असा नवा नागरिक जुन्याच्या अगदी बरोबरीचा होतो काय? बहुतेक गोष्टींत होतो. त्यास मत देता येते, निवडणुकीस उभे राहता येते. अमेरिकेत अध्यक्ष होण्यास जन्मतः नागरिक असावे लागते, आपल्या घटनेत राष्ट्रपतीसाठी तशी अट नाही. पण दोन ठिकाणी त्याची बाजू लंगडी पडते. पहिले असे की, अर्ज मान्य करणे न करणे सरकारच्या इच्छेवर आहे आणि नाकारल्यास कारण सांगण्याचे बंधन नाही. फेरविचारासाठी अर्ज मात्र करता येतो. दुसरे असे की, देशीयकरणाने मिळालेले नागरिकत्व काही कारणांनी काढून घेता येते. खोटी माहिती देणे, घटनेशी द्रोह, युद्धात शत्रूशी व्यवहार, ही त्यांतील काही. आणि सात वर्षे सतत परदेशात राहणे हेही, सरकारी सेवा किंवा शिक्षण यांसारखी कारणे वगळता, त्यांत येते. येथे जन्मून नागरिक झालेल्यास अशा कारणांनी कोणी बेदखल करू शकत नाही. म्हणजे परत न जाण्याचा निश्चय एकदा सांगून पुरत नाही. नव्या नागरिकास तो जन्मभर पाळून दाखवावा लागतो. ज्यांना हे सारे न मागता मिळाले, त्यांनी ही विषमता माहीत करून घेणे उचित होय.

हीच वाट उलट दिशेनेही चालली जाते. आज मराठवाड्यातील मुलेमुली अमेरिकेत, इंग्लंडात स्थायिक होतात आणि तेथील शपथ घेतात. ती घेताक्षणी भारताचे नागरिकत्व संपते. त्यानंतर त्यांस प्रवासी भारतीय म्हणून आजीव परवाना मिळू शकतो. त्याने येणेजाणे सुलभ होते, परंतु मत देता येत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. मुलाने तिकडे अर्ज करण्यापूर्वी घरच्यांनी हे त्याच्याशी मोकळेपणाने बोलून ठेवावे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. कोणत्याही वाटेने गेले, तरी शेवटी प्रश्न कागदावर येतो: जन्म कोठला, आईबाप कोठले, वास्तव्य किती वर्षांचे? १ जुलै १९८७ नंतर भारतात जन्मलेल्यास नुसता जन्म पुरत नाही, आईबापांपैकी एक तरी नागरिक असावे लागते. ३ डिसेंबर २००४ पासून ही अट आणखी कडक झाली आहे. हदगावकडील जुन्या घरांतून निजामाच्या काळचे उर्दू आणि मोडी कागद अद्याप पेट्यांत पडून आहेत. ते वाचणारी माणसे विरळ होत चालली आहेत. पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्या पेट्या उघडाव्यात, कागद उन्हात धरावेत आणि वाचता येणारा मनुष्य गाठून त्यांची बाळबोध नक्कल करून ठेवावी. त्यांत एखाद्या गैरमुल्की पूर्वजाचे प्रतिज्ञापत्र सापडले, तर आपले घराणेही कधीकाळी अर्ज करूनच येथले झाले, हे घरातल्या मुलांना कळेल.