माझ्या मोबाईलवर चालतं, मग पालकांच्या मोबाईलवर का नाही?



आपल्यापैकी बरेच शिक्षक आता वर्गासाठी छोटी छोटी अ‍ॅप स्वतःच तयार करतात. एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटरसारख्या साधनात ब्लॉक एकमेकांना जोडले की अ‍ॅप तयार होतं, कोडिंगचं शिक्षण घेतलेलं असावं लागत नाही. पण अ‍ॅप तयार होणं वेगळं आणि ते वीस-पंचवीस घरांतल्या वीस-पंचवीस तऱ्हेच्या मोबाईलवर चालणं वेगळं. हे मला कसं कळलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

कोऱ्या पानाची गोष्ट

चौथीच्या वर्गासाठी मी रोज दहा उदाहरणं देणारं एक अ‍ॅप केलं होतं. महिन्याच्या प्रत्येक तारखेसाठी उदाहरणांची एक फाईल. अ‍ॅप उघडलं की ते फोनमधली आजची तारीख बघणार आणि त्या क्रमांकाची फाईल उघडणार. संगणकावर बघितलं, माझ्या मोबाईलवर बघितलं, सगळं व्यवस्थित. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवून दिलं.

बहुतेक मुलांची उदाहरणं सोडवून येऊ लागली. चार-पाच मुलांची मात्र एकदाही आली नाहीत. त्यातल्या एका मुलीला मी दोन-तीनदा वर्गात विचारलं. ती म्हणायची, "बाई, पान कोरं येतं." मला ते कारण वाटलं. शेवटी पालकसभेत तिच्या आईला सगळ्यांसमोर म्हटलं, "ताई, रोज दहा मिनिटं तरी तिच्याजवळ बसत जा." त्या म्हणाल्या, "बाई, मी रोज उघडून देते हो. खरंच काही येत नाही त्याच्यात."

मी तरी त्यांच्या फोनलाच दोष दिला. जुना असेल, जागा भरली असेल. अ‍ॅप काढून परत टाकायला सांगितलं. त्यांनी ते दोनदा केलं. पान कोरंच.

मग त्या मुलीच्या भावाने शेजारच्यांच्या फोनवर व्हिडिओ काढून पाठवला. तो मी चार वेळा पाहिला. अ‍ॅप उघडल्यावर खाली क्षणभर एक पट्टी येऊन जात होती. व्हिडिओ थांबवून ती वाचली. फाईल सापडली नाही, असा इंग्रजी मजकूर, आणि त्या इंग्रजीच्या मध्येच दोन देवनागरी आकडे: १२.

तिथे माझी चूक मला दिसली. मी फाईलींची नावं इंग्रजी आकड्यांत ठेवली होती. त्या ताईंना इंग्रजी वाचता येत नाही म्हणून त्यांनी फोनची भाषाच मराठी करून घेतली होती. अँड्रॉइडवर फोनची भाषा मराठी असली की तारखेचा मजकूर देवनागरी आकड्यांत तयार होऊ शकतो. आपल्याला दोन्ही बारा सारखेच. फोनला मात्र ती दोन वेगळी नावं आहेत. १२ नावाची फाईल त्याने इमानदारीने शोधली आणि ती नव्हती, म्हणून सांगितलंही. सांगितलं इंग्रजीत, दोन सेकंदांसाठी, इंग्रजी न येणाऱ्या बाईला.

खात्री करायला मी माझ्या फोनची भाषा मराठी केली. पान कोरं! इंग्रजी केली, उदाहरणं आली. हिंदी केली, तरीही आली. म्हणजे मराठी शाळेतल्या शिक्षिकेने मराठी मुलांसाठी केलेलं अ‍ॅप फक्त मराठीत ठेवलेल्या फोनवर चालत नव्हतं. जी चार-पाच मुलं मागे राहिली होती, ती याच घरांतली निघाली.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. तारखेचा मजकूर बनवणारा ब्लॉक काढला आणि महिन्याचा दिवस थेट संख्या म्हणून देणारा ब्लॉक लावला. ताईंची माफी मागायला मात्र त्यांच्या घरी गेले, आणि पुढच्या सभेत चूक माझी होती हे सगळ्यांसमोर सांगितलं.

बग म्हणजे काय आणि तो फोनवरच का दिसतो?

प्रोग्रॅममधल्या चुकीला 'बग' म्हणजे किडा म्हणतात आणि ती शोधून काढण्याला 'डीबगिंग'. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकाच्या एका रिलेमध्ये खराखुरा पतंग सापडला आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. ती खरी आहे. पण 'बग' हा शब्द तेव्हा जन्मला नाही. यंत्रातल्या बिघाडासाठी तो एकोणिसाव्या शतकातही वापरात होता, एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रात तो आढळतो.

अ‍ॅप बनवताना आपण ते संगणकावरच्या नकली फोनवर, म्हणजे एम्युलेटरवर, किंवा आपल्या एकट्याच्या फोनवर पाहतो. नकली फोनची बॅटरी उतरत नाही, त्यात लग्नाचे तीनशे फोटो नसतात, त्याचं नेट जात नाही आणि त्याची भाषा कुणी बदललेली नसते. डी.एड.ला आपण पाठ घ्यायचो तेव्हा आधी मैत्रिणींसमोर सराव करायचो. तिथे पाठ छान व्हायचा, कारण मैत्रिणींना उत्तरं माहीत असायची. खऱ्या वर्गात गेल्यावर टाचणात नसलेलं सगळं घडायचं. अ‍ॅपचंही तसंच आहे.

शोध कसा घ्यायचा?

१. आधी विश्वास ठेवा. "माझ्याकडे तर चालतंय" हे उत्तर नाही. समोरच्याकडे चालत नाही, ही माहिती आहे.

२. नीट विचारा. फोन कोणता? अँड्रॉइडची आवृत्ती कोणती? फोनची भाषा कोणती? अक्षरं मोठी केली आहेत का? जागा किती शिल्लक आहे? नेट चालू होतं का? अ‍ॅप कोणत्या पायरीला अडलं आणि तेव्हा पडद्यावर नेमकं काय दिसलं? मी पहिल्याच दिवशी भाषा विचारली असती तर त्या मुलीचे तीन आठवडे वाचले असते.

३. तीच अडचण स्वतः घडवून आणा. जोपर्यंत आपल्याला ती हवी तेव्हा घडवता येत नाही, तोपर्यंत दुरुस्ती म्हणजे अंधारात काठी मारणं.

४. एका वेळी एकच गोष्ट बदला. बी रुजवण्याच्या प्रयोगात आपण एका वाटीला पाणी देतो, दुसरीला देत नाही, बाकी सगळं सारखं ठेवतो. इथेही तेच. भाषा, नेट आणि फोन एकदम बदलले तर फरक कशाने पडला हे कळणार नाही.

५. दुरुस्ती झाल्यावर त्याच फोनवर पाहा. ज्या घरात अडलं होतं तिथे चाललं, तरच काम झालं. आणि जिथे आधी चालत होतं तिथे बिघडलं नाही ना, हेही तपासा.

फोन काय सांगतो ते वाचणं

थोडं पुढचं शिकायचं असेल त्यांच्यासाठी. अँड्रॉइड फोन आत घडणाऱ्या गोष्टींची सतत नोंद ठेवत असतो. ती वाचण्यासाठी सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या भागात जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारायची. मग 'डेव्हलपर पर्याय' उघडतात. त्यातलं यूएसबी डीबगिंग चालू करून फोन केबलने संगणकाला जोडायचा आणि 'एडीबी' या साधनातली 'लॉगकॅट' आज्ञा द्यायची. नोंदी धबधब्यासारख्या येतात, घाबरू नका. अ‍ॅप बंद पडलं त्या क्षणाची 'फेटल एक्सेप्शन' अशी ओळ शोधायची आणि तिच्याखाली काय कारण दिलंय ते वाचायचं.

हे आपल्या किंवा शाळेच्या फोनवर करा. पालकांच्या फोनवर करायचं झालं तर त्यांना विचारून, त्यांच्यासमोर, आणि काम झाल्यावर यूएसबी डीबगिंग आठवणीने बंद करा. ते चालू राहणं सुरक्षित नाही.

नेहमी आढळणारी कारणं

मराठी आकड्यांशिवाय मला आणि माझ्या सहकाऱ्यांना भेटलेली ही काही कारणं:

• मोठी अक्षरं. आजोबांच्या फोनवर अक्षरं मोठी केलेली असतात. मग मजकूर फुगतो आणि 'पुढे' हे बटण पडद्याच्या खाली ढकललं जातं. पडदा सरकवता येईल अशी सोय अ‍ॅपमध्ये ठेवली की प्रश्न सुटतो.

• फाईलच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर. विंडोज संगणक कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये तो होतो. त्यामुळे संगणकावर दिसणारं चित्र फोनवर गायब. सगळी नावं लहान अक्षरांतच ठेवा.

• नाकारलेली परवानगी. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, माईक किंवा कॅमेरा वापरायची वेळ आली की फोन परवानगी विचारतो. मुलं घाईत 'नको' दाबतात. मग वाचनाचं रेकॉर्डिंग होत नाही आणि आपल्याला वाटतं मूल बोललंच नाही.

• मराठी आवाज नसणं. मजकूर वाचून दाखवणारं अ‍ॅप काही फोनवर गप्प राहतं, कारण त्या फोनमध्ये मराठी आवाजाची फाईल उतरवलेली नसते.

• नेटवरचा पत्ता. अँड्रॉइड ९ पासून, नव्या नियमांप्रमाणे बनवलेल्या अ‍ॅपला साध्या 'एचटीटीपी' पत्त्यावरून माहिती आणू दिली जात नाही. 'एचटीटीपीएस' लागतं. जुन्या फोनवर चालणारं अ‍ॅप नव्यावर अडतं ते यामुळेही.

• चुकीची तारीख. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही जुने फोन तारीख विसरतात. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत.

• कमी मेमरी. उदाहरण सोडवता सोडवता मूल व्हॉट्सअ‍ॅप बघून परत येतं, तोवर फोनने आपलं अ‍ॅप बंद केलेलं असतं. सोडवलेलं सगळं गेलं! प्रत्येक उत्तर लगेच साठवणं हाच उपाय. डेव्हलपर पर्यायांत 'अ‍ॅक्टिव्हिटी ठेवू नका' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो चालू करून ही अडचण आपल्याला आधीच बघता येते.

पालकांसाठी थोडंसं

"चालत नाही" एवढंच लिहू नका. पडद्याचा फोटो किंवा छोटा व्हिडिओ पाठवा. इंग्रजी काही आलं तर ते कळलं नाही तरी चालेल, फक्त आम्हाला दाखवा. त्या मुलीच्या भावाला ती पट्टी वाचता आली नव्हती, पण त्याच्या व्हिडिओमुळेच उत्तर सापडलं. व्हिडिओ पाठवण्याआधी त्यात बँकेचे संदेश किंवा ओटीपी दिसत नाही ना, ते बघा. आणि प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप टाकण्यासाठी जी परवानगी चालू केली असेल, ती काम झाल्यावर परत बंद करा. शिक्षकांनी स्वतः पाठवलेलं अ‍ॅप सोडून गटावर आलेलं दुसरं कुठलंही अ‍ॅप टाकू नका.

आणि आपल्या वर्गासाठी

हा अनुभव आल्यापासून मी वह्या वेगळ्या तपासते. ५२ वजा २७ याचं उत्तर एका मुलाने ३५ लिहिलं. पूर्वी मी लाल फुली मारून पुढे गेले असते. आता विचारलं, "कसं केलंस सांग." तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे तो दर वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, वरचा कुठला आणि खालचा कुठला हे न बघता. हे दुर्लक्ष नाही. त्याचा एक नियम आहे, तो चुकीचा आहे, आणि तो तो नियम काटेकोरपणे पाळतो. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या गणितातल्या अशाच चुकांचा अभ्यास मांडला होता आणि त्या चुकांना त्यांनी 'बग' हाच शब्द वापरला होता.

त्या मुलाला दशकाची एक जुडी सोडून दहा काड्या सुट्ट्या करायला लावल्या. पुढची चार उदाहरणं बरोबर आली.

ती मुलगी आता पाचवीत आहे. तिच्या आईचा फोन अजूनही मराठीतच आहे. नवीन काही तयार केलं की मी आधी माझा फोन मराठी करते, अक्षरं मोठी करते, नेट बंद करते आणि मगच गटावर पाठवते. तरीही कुणाकडे काहीतरी अडतंच. तेव्हा पहिला प्रश्न एवढाच विचारते, "ताई, तुम्हाला पडद्यावर काय दिसतंय?"