हरित रोखे आणि बँकेचे भांडवल : काही गैरसमज

जून 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने 'हरित सेतू'सारख्या पर्यावरणपूरक कामांसाठी 200 कोटी रुपयांचे हरित रोखे काढले आणि मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंद झाली, तेव्हा लघुउद्योगांची दाटी आणि आयटी पार्क शेजारी शेजारी नांदणाऱ्या तळवड्यातील करदात्याचाही या शब्दाशी थेट संबंध आला. हे रोखे बँकेने खरेदी केले तर तिचे भांडवल वाढते, ही समजूत मात्र निराधार आहे. पालिकेचा रोखा हे पालिकेवरचे ऋण होय. खरेदीदार बँकेच्या जमाखर्चात ते येणे म्हणून राहते, आणि त्यासाठी बँकेलाच आपल्या भांडवलाची तजवीज करावी लागते.

दुसरा गैरसमज याहून सूक्ष्म आहे: बँकेने स्वतः काढलेला हरित रोखा तरी तिचे भांडवल असलाच पाहिजे! येस बँकेने फेब्रुवारी 2015 मध्ये 1,000 कोटींचे, देशातील पहिले हरित रोखे काढले, ते साधे दीर्घ मुदतीचे कर्ज होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार जोखीमभारित मालमत्तेच्या किमान 9 टक्के, आणि संरक्षक राशी धरता 11.5 टक्के भांडवल बँकेपाशी असावे लागते. त्यात कर्जाची गणना व्हायची, तर संकटसमयी तोटा सोसण्याची अट दस्तऐवजातच नमूद असावी लागते. पैसा कोठे खर्च होणार, हे 'हरित' या विशेषणाने कळते; तोटा कोणी सोसायचा, हे 'भांडवल' या नामाने ठरते.

या दोन्ही गोष्टी एका रोख्यात एकत्र येऊ शकतात. स्पेनच्या बीबीव्हीए बँकेने 2020 मध्ये 100 कोटी युरोंचे हरित अतिरिक्त टियर-1, म्हणजे बँकेच्या भांडवलात गणले जाणारे, रोखे काढले. मुंबईस्थित अ‍ॅक्सिस बँकेने सप्टेंबर 2021 मध्ये 60 कोटी डॉलरचे, पर्यावरणीय व सामाजिक उद्दिष्टांशी निगडित असे त्याच वर्गातील रोखे विकले. येथेच तिसरा आणि माझ्या मते सर्वांत घातक भ्रम उपजतो, की अशा रोख्याचे मुद्दल फक्त सौर वा पवन प्रकल्प बुडाले तरच बुडेल. वस्तुस्थिती अशी की बँकेचा तोटा पोलाद, गृहबांधणी, कोठूनही येवो, तो सोसण्याचे दायित्व या रोख्यावर सारखेच असते. त्याला परतफेडीची निश्चित मुदत नसते आणि व्याज रद्द करण्याची मुभाही बँकेस असते. मार्च 2020 मध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत 8,400 कोटींहून अधिक रकमेचे अतिरिक्त टियर-1 रोखे निर्लेखित झाले. ते हरित नव्हते, पण असते तरी त्या रंगाने त्यांचे रक्षण झाले नसते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये निर्लेखनाचा तो निर्णय रद्दबातल ठरवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

तळवड्याच्या कारखानदाराने छपरावर सौरपट्ट्या बसवण्यासाठी कर्ज घेतले, तर केवळ ते हरित आहे म्हणून बँकेला त्यापोटी कमी भांडवल ठेवण्याची सवलत मिळत नाही; जोखीमभार ऋणकोची पत आणि तारण पाहून ठरतो. आणि बचतदाराने 'हरित ठेव' व 'हरित रोखा' एकच मानू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या 1 जून 2023 पासून अमलात आलेल्या चौकटीतील हरित ठेवीस इतर ठेवींप्रमाणेच 5 लाखांपर्यंतच्या विम्याचे संरक्षण आहे. रोख्याला ते नाही.